काळजाचं चित्र आणि तिसरी तार

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं मागंपुढं केलं आहे. बोली तशीच ठेवली आहे.)

मी दोन शब्द बोलतो. दोन शब्द म्हणालो खरं, पण माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मागं बसलेल्यांनी चहा घेऊन घ्यावा.

समितीच्या लोकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, काळजात बसवायच्या यंत्रावर बोलतो. ते माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. गिरणी कामगारानं बोनसवर बोलावं, फंडावर बोलावं. हा डॉक्टरकीत कुठं शिरला? तर आधीच कबूल करतो, मी डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली, विसाव्या वर्षी मागावर उभा राहिलो, पुढचं सगळं शिक्षण वाचनालयाच्या बाकावर. पण गेली तीन-चार वर्षं ह्या विषयानं माझ्या घराचा उंबरठा ओलांडला. डॉक्टरांना विचारून, भाच्याकडून इंग्रजी मजकूर वाचवून घेऊन जे डोक्यात बसलं, तेवढंच सांगतो.

माझी थोरली बहीण अकोल्याला असते. ताईनं उभी हयात जिनिंगमध्ये रेच्यासमोर काढली. कापसाची धूळ छातीत जाणारच, म्हणून २०२१ साली तिला चढावर दम लागू लागला तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, दमा आहे. सगळ्यांत मीही आलो. मीच तिला म्हणालो होतो, "ताई, हा जिनिंगचा दमा आहे, पंप घे." एका ठिकाणी वर्षभर दम्याचेच औषध चालले. मग पाय सुजले. बोटानं दाबलं तर खळगा पडे आणि तसाच राहे. रात्री आडवी झाली की जीव घाबरा होई. आधी एक उशी, मग दोन, मग तीन, शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. फोनवर म्हणाली, "काय सांगू बापा, निजलं की पान्यात बुडाल्यावानी होते."

ही खूण ध्यानात ठेवा. आडवं झाल्यावर दम, पायाला सूज, दोन-चार दिवसांत दोन किलो वजन वाढणं. हे फुप्फुसाचंच असेल असं नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात अकोल्यात तिची सोनोग्राफीसारखी काळजाची तपासणी झाली, तिला इको म्हणतात. रिपोर्टात इंग्रजीत लिहून आलं, हार्ट फेल्युअर. भाच्यानं ते वाचलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच रडायला बसला. मला फोन, "मामा, आईचं हार्ट फेल झालं." मी बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडली. अकोल्याला पोचून पाहतो तर ताई खाटेवर बसून बिस्किट खात होती!

आपल्या वस्त्यांमध्ये 'हार्ट फेल' म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. काळीज थांबलं नाही, ते कमजोर झालं आहे, शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढं ढकलू शकत नाही. मागं रक्त तुंबतं, फुप्फुसात पाणी उतरतं, पायात उतरतं. हार्ट अटॅक हे त्याचं एक कारण, पण एकच नाही. वर्षानुवर्षांचं ब्लडप्रेशर, साखर, दारू, लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेली झडप, क्वचित बाळंतपणानंतर पोरीबाळींनाही. आणि खर्रा. खर्ऱ्याबद्दल मी दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी बाहेरच्या ओट्यावर पुड्या सापडतात, म्हणून आज जास्त बोलत नाही.

ताईच्या कागदावर आकडा होता २५ टक्के. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, त्याचा हा हिशेब. चांगल्या काळजाचाही हा आकडा १०० नसतो. ५५ ते ७० असला म्हणजे ठीक. आमच्या गल्लीतले एक काका ६० टक्के पाहून घाबरले होते, "चाळीस टक्के गेलं की!" त्यांना सांगितलं, काका, इथं साठ म्हणजे फर्स्ट क्लास. पण पस्तीस किंवा त्याच्या खाली गेलं की डॉक्टर यंत्राचा विचार करू लागतात.

आता यंत्राचं. आपण सगळ्यांना 'बॅटरी' म्हणतो. अमक्याला बॅटरी बसवली. पण बॅटऱ्या तीन तऱ्हेच्या आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. एक, ठोके फार हळू पडत असतील तर ठोका देणारी, म्हणजे साधा पेसमेकर. दुसरी, ठोके एकदम बेफाम सुटून माणूस जागच्या जागी जाण्याचा धोका असेल तर आतून झटका देणारी. तिसरी, ज्याच्यासाठी मी उभा आहे ती, काळजाच्या दोन बाजूंचा मेळ बसवणारी. तिसरीत झटक्याची सोयही असू शकते, नसूही शकते. किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून कोणी 'बॅटरी बसवा' म्हटलं की पहिला प्रश्न, कोणती?

मेळ बसवणारी म्हणजे काय? आमच्या खात्यात ताण्याचा भरलेला बीम मागावर चढवताना दोन्ही टोकांना गडी लागतात आणि एका दमात उचलतात. एकानं आधी उचलला, तो खाली ठेवत असताना दुसऱ्यानं उचलला, तर जोर दोघांचाही लागतो आणि बीम जागचा हलत नाही. काळजाच्या डाव्या कप्प्याला मधली भिंत आहे आणि बाहेरची भिंत आहे. दोघी एकदम आवळल्या तर रक्त बाहेर फेकलं जातं. त्यांना हुकूम पोचवणाऱ्या विजेच्या वाटा आहेत, तारांसारख्या. डावी वाट खराब झाली की मधली भिंत आधी आवळते, बाहेरची उशिरा. रक्त आतल्या आत इकडून तिकडं हिंदकळतं. कमजोर काळजाला हे आणखी कमजोर करतं.

हा उशीर दाखवणारं पहिलं चित्र फार स्वस्त आहे आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पडलेलं आहे. ईसीजीची पट्टी. तिच्यावर बारीक चौकटी असतात. कागद नेहमीच्या वेगानं चालला असेल तर एक बारीक चौकट म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चाळीस. मोठं टोकदार शिखर दिसतं, ते खालच्या कप्प्यांच्या आवळण्याचा हुकूम. ते शिखर दोन-अडीच चौकटींत आटोपलं तर हुकूम वेळेवर पोचतो. तीन चौकटींच्या पुढं पसरलं, म्हणजे १२० च्या पुढं, तर उशीर होतो आहे. डावी वाट बंद असल्याची खूण आणि रुंदी १५० किंवा जास्त, म्हणजे चौथ्या चौकटीपर्यंत पसरलेलं, अशा माणसाला तिसऱ्या तऱ्हेच्या यंत्राचा फायदा होण्याची आशा सगळ्यांत जास्त. ताईच्या पट्टीवर १६० होतं. पूर्ण चार चौकटी. मी चष्मा लावून स्वतः मोजल्या.

इथं आमच्या घरचा एक गाढवपणा सांगतो. ताईचा २०१९ सालचा एक ईसीजी होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तो मागितला. शिखर तेव्हाही रुंद होतं की नंतर झालं, हे त्यांना पाहायचं होतं. भाच्यानं मोठ्या कौतुकानं ती पट्टी लॅमिनेशन करून ठेवलेली. उघडून पाहतो तर कोळशासारखी काळी! तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, गरम झाला की काळा पडतो. नुसता ठेवला तरी काही वर्षांत फिका होतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा. तीन रुपयांचं काम आहे. आमची ती माहिती गेली ती गेलीच.

इकोची गोष्ट मला कामगार म्हणून फार आवडते. धातूच्या आत चीर आहे का हे न फोडता पाहायला कारखान्यांत एक यंत्र वापरत. कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परत येणारा पडसाद पाहायचा. स्वीडनमध्ये लुंड गावी इंगे एडलर नावाचे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ नावाचे पदार्थविज्ञानवाले होते. हर्ट्झनी मालमो शहरातल्या जहाजाच्या कारखान्यात जाऊन असलं यंत्र पाहिलं, आणि १९५३ च्या ऑक्टोबरात दोघांनी धातू तपासायच्याच यंत्रानं जिवंत माणसाच्या काळजाचे पडसाद टिपले. लोखंडाची चीर शोधणारी वस्तू काळजाच्या झडपा दाखवू लागली. आज जिल्ह्याच्या गावी होणारा इको ह्याच वंशातला.

दुसरा मला आवडतो तो वेर्नर फोर्समान. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे गावच्या दवाखान्यात पंचविशीतला हा पोरगा डॉक्टर. वरिष्ठ नाही म्हणत असताना त्यानं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी काळजापर्यंत सरकवली आणि नळी तशीच ठेवून खाली एक्स-रेच्या खोलीत चालत गेला. का? तर नळी खरंच तिथं पोचली का हे चित्रात दिसल्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. १९५६ ची आपल्याला वेगळी आठवण द्यावी लागत नाही. आज काळजात कुठलीही तार जाते ती शिरेतून, आणि डॉक्टरांचे डोळे समोरच्या एक्स-रेच्या पडद्यावर. तेव्हापासूनचीच ही वाट.

पूर्ण शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ च्या ८ ऑक्टोबरचा, स्टॉकहोमचा. रोगी होते आर्ने लार्सन. त्यांच्या बायकोनं डॉक्टर आणि इंजिनिअरचा पिच्छाच सोडला नाही, म्हणून ते झालं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण लार्सन त्यानंतर २००१ पर्यंत जगले, एकामागून एक सव्वीस यंत्रं वापरून. महिला मंडळानं ही गोष्ट लक्षात घ्यावी. पिच्छा सोडायचा नसतो.

मेळ बसवणारं यंत्र त्या मानानं नवं. १९९४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी चोपन्न वर्षांच्या एका माणसाच्या चारी कप्प्यांना तारा जोडून ठोका दिला. तेव्हा डाव्या बाजूची तार छाती उघडून बसवावी लागली. १९९८ पर्यंत त्यांनी काळजाच्या अंगावरच्या शिरेतून ती नेण्याची वाट रुळवली. २००१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. २००५ साली युरोपात ८१३ रोग्यांवरचा अभ्यास बाहेर आला. नुसती औषधं घेणाऱ्या ४०४ जणांत १२० दगावले, औषधं अधिक यंत्र असलेल्या ४०९ जणांत ८२. सरासरी अडीच वर्षांच्या आतबाहेरचा काळ. हा फरक छोटा नाही.

पण यंत्र बसवलेल्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मनासारखा फायदा होत नाही. लाखांचं यंत्र, ऑपरेशन, घरच्यांची धावपळ, आणि दम तोच. ह्याची जी कारणं सापडली त्यांत एक मोठं कारण म्हणजे तिसरी तार चुकीच्या जागी बसणं.

ह्या यंत्राला बहुधा तीन तारा. डाव्या हंसळीच्या खाली कातडीत काडेपेटीएवढं यंत्र. एक तार उजव्या वरच्या कप्प्यात, एक उजव्या खालच्या कप्प्यात. ह्या दोन सोप्या. तिसरी तार डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर पाहिजे, आणि तिथं जायला फक्त शिरांची वाट. त्या शिरा प्रत्येकाच्या वेगळ्या. कोणाला तीन फाटे, कोणाला एकच, कोणाचा बारीक, कोणाचा नागमोडी. वरून आणखी एक गोष्ट, अटॅक येऊन गेलेला असेल तर भिंतीचा तो तुकडा मेलेला असतो, त्याचा वण होतो. वणावर तार टेकवली तर हुकूम पुढं जातच नाही. भिंतीच्या टोकाशी खाली टेकवली तरी फायदा कमी होतो.

म्हणून चित्रं. ती तीन गोष्टी सांगतात. इकोची नवी पद्धत आहे, तिच्यात काळजाच्या स्नायूवरचे ठिपके एकेका ठोक्यात कसे सरकतात ते यंत्र मोजतं आणि सगळ्यांत उशिरा कोणता भाग आवळतो हे दाखवतं. एमआरआयमध्ये शिरेतून औषध देऊन वण पांढरा दिसतो. आणि ऑपरेशनच्या टेबलावर शिरेत रंग सोडून एक्स-रेच्या पडद्यावर शिरांचा नकाशा काढतात, दोन-तीन कोनांतून. उशिरा आवळणारी पण जिवंत जागा कोणती, आणि तिथं जाणारी शीर कोणती, ह्या दोन्हींचं उत्तर जुळलं की तार तिथं.

ह्याचा उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये २२० रोग्यांवर पाहिलं, २०१२ साली ते छापून आलं. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीनं तार बसवली, निम्म्यांना इकोनं जागा ठरवून. नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या ५५ जणांचं काळीज आटोपशीर झालं, चित्र पाहून बसवलेल्यांत ७०. अमेरिकेतही १८७ रोग्यांवरच्या अभ्यासात त्याच दिशेचं उत्तर आलं. हे अभ्यास लहान आहेत, हेही सांगितलं पाहिजे.

आता ताईकडं येतो. यंत्र लगेच बसवलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी तीन महिने औषधं दिली, चार तऱ्हेच्या गोळ्या. त्यात एक मूळची साखरेची गोळी, ताईला साखर नाही, म्हणून ती म्हणे, "मले साखर नाई तं हे काहून देते?" ती गोळी कमजोर काळजालाही मदत करते, हे अलीकडच्या वर्षांत सिद्ध झालं आहे. तीन महिन्यांत सूज गेली, पण आकडा २५ चा २८ झाला, बस. मग डॉक्टरांनी रिपोर्टाच्या पाठीमागं पेनानं काळीज काढून मला दाखवलं. गोल काढला, त्याचे भाग पाडले, मागच्या बाजूच्या एका भागावर फुली केली. "मामा, हा भाग सगळ्यात उशिरा येतो. तार इथं गेली पाहिजे." तो कागद माझ्याकडं आहे.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. भाचा अकोल्याच्या एमआयडीसीत कामाला, त्याच्या पगारातून ईएसआय कापलं जातं आणि आई त्याच्यावर अवलंबून म्हणून कार्डावर. रेफरच्या एका कागदासाठी एका कार्यालयात सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला मी जेवणाचा डबा घेऊन गेलो आणि टेबलासमोर बसलो. सही झाली.

२०२३ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, जागा बधिर करतात. ताईला सगळं ऐकू येत होतं. ती सांगते, "एक डॉक्टर म्हने, समोरची शीर मोठी आहे, सोपी आहे, टाकून देऊ. मोठा डॉक्टर म्हने, नाई, ते पुढच्या अंगाले जाते. फोटोतली फुली मागं आहे." मागं जाणारी शीर बारीक होती आणि तोंडाशीच वळलेली. त्या वळणावर तास गेला. बाहेर आम्ही बाकावर. आत काय चाललं कोणी सांगेना. भाचा मला विचारे, मामा, एवढा वेळ का? मला तरी काय माहीत होतं. आता माहीत आहे. सोपी शीर धरली असती तर आम्ही तासभर आधी चहा प्यायलो असतो आणि कोणाला काही कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी एक मजा झाली. ताई डाव्या कुशीवर वळली की उचकी. वळली की उचकी. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "कोनी आठोन काढून रायलं तुमची." डॉक्टर हसले. काळजाच्या त्याच बाजूनं श्वासाच्या पडद्याची एक नस जाते, तार जवळ असली की ठोका त्या नसेलाही लागतो. ताईच्या तारेला चार टोकं होती. पुन्हा कापाकापी नाही. बाहेरूनच संगणकावर टोक बदललं, उचकी बंद. जुन्या पद्धतीच्या तारेला एवढी सोय नव्हती.

सहा महिन्यांनी इको झाला. ४०. मी मुद्दाम आकडा सांगतो, कारण 'चमत्कार झाला' असं कोणी बाहेर सांगू नये. ४० म्हणजे बरं काळीज नाही. गोळ्या रोज चालू आहेत, मीठ कमी आहे, ठराविक दिवसांनी यंत्र तपासायला नागपूरला जावं लागतं. सहा-आठ वर्षांत बॅटरी संपेल, तेव्हा यंत्र बदलावं लागेल. पण ती आता एका उशीवर झोपते.

इथंच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, गड्यानं बॅटरीची जाहिरात केली. म्हणून दुसरी बाजू सांगतो.

माझ्याबरोबर खात्यात काम करणारा एक मित्र. त्याचंही काळीज कमजोर, आकडा ३०. एका खासगी दवाखान्यात त्याला इकोच्या पडद्यावर दाखवलं, "पाहा, दोन भिंती जुळत नाहीत. तीन तारांची बॅटरी लवकर बसवावी लागेल." त्यानं ले-आऊटमधला प्लॉट विकायला काढला. बयाणा घ्यायचं ठरलं. आदल्या रात्री फाईल घेऊन माझ्याकडं आला. मी इको बाजूला ठेवला, ईसीजीची पट्टी काढली आणि चौकटी मोजल्या. अडीच. पुन्हा मोजल्या. अडीचच. मी काही बोललो नाही, माझी ती योग्यता नाही. एवढंच म्हणालो, बयाणा आठ दिवस थांबव आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव. दुसऱ्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि सांगितलं, तीन तारांचं यंत्र तुमच्यासाठी नाही. झटक्याचं यंत्र लागेल का हा वेगळा प्रश्न आहे, त्याचा विचार औषधं पूर्ण मात्रेत चालल्यावर करू.

ह्याच्यामागं मोठा अभ्यास आहे. पूर्वी पुष्कळ डॉक्टरांना वाटे, शिखर अरुंद असलं तरी इकोत मेळ नाही दिसला तर यंत्राचा फायदा होईल. २०१३ साली ते तपासून छापलं गेलं. ८०९ रोगी, शिखर १३० पेक्षा अरुंद, इकोत मेळ बिघडलेला. यंत्र सगळ्यांना बसवलं, पण निम्म्यांची तिसऱ्या तारेची करामत बंद ठेवली. बंद असलेल्या ४०५ जणांत २६ दगावले. चालू असलेल्या ४०४ जणांत ४५. फायदा तर नाहीच, उलट जास्त माणसं गेली. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याच्या आधी, २००८ साली, इकोच्या बारा वेगवेगळ्या मापांची परीक्षा झाली होती. कोणाला फायदा होईल हे आधीच भरवशानं सांगू शकेल असं एकही माप त्यांत निघालं नाही.

माझ्या मित्राच्या डॉक्टरांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. चूक प्रामाणिकही असते. पण यंत्र कोणाला द्यायचं हे मुख्यतः पट्टी ठरवते, आणि तार कुठं टेकवायची हे इको, एमआरआय आणि शिरांचा नकाशा ठरवतात. त्याच्या बाबतीत दुसऱ्या कामाच्या चित्रानं पहिलं काम उरकलं जात होतं. आमच्याकडं जॉबर आधी माग चालू ठेवून दोन मिनिटं नुसता पाहतो, मग पाना हातात घेतो. नवा पोरगा आधी पाना घेतो.

विज्ञान इथं थांबलेलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात प्रमोद देशमुख नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वेगळी वाट छापली. भिंतीवर बाहेरून ठोका देण्यापेक्षा काळजाची स्वतःची जी विजेची मूळ वाट आहे, तिच्यातच तार टेकवायची. आडनाव आपल्या वऱ्हाडात गल्लोगल्ली ऐकू येणारं. २०१७ साली चीनमधल्या वेनझाऊ शहरातल्या डॉक्टरांनी मधल्या भिंतीत तार खोल रुतवून डाव्या वाटेला गाठलं. भारतातही ते होऊ लागलं आहे. तिथंसुद्धा तार भिंतीत किती रुतली हे पाहायला पडदा लागतोच.

आता कामाचं. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपली अमरावती होती. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. कोणत्या तऱ्हेचं यंत्र त्यात बसतं, कोणत्या दवाखान्यात, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून आधी तोंडी आणि मग कागदावर घ्या. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं त्यांनी आई-बापाची नावं कार्डावर आहेत का ते आजच पाहा. आजारी पडल्यावर नाव चढवायला धावू नका. इकोची, एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. रंग सोडायच्या आधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी झाली का ते विचारा. यंत्र बसल्यावर एक कार्ड मिळतं, ते पाकिटात ठेवा. पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी ते दाखवा, काही यंत्रांना एमआरआय चालतो, काहींना नाही.

प्रश्न विचारायला लाजू नका. ताईनं ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, तार कुठं बसवता ते मले समजून सांगा, काळीज मायं हाये." ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

मी समितीला सांगून ठेवलं होतं, ज्यांच्या घरी ईसीजीच्या पट्ट्या आहेत त्यांनी आणाव्यात. पाच-सहा जण घेऊन आलेले दिसतात. कार्यक्रम संपल्यावर भोजनदान आहे. ते आटोपलं की ग्रंथालयाच्या खोलीत बसू, माझ्याकडं भिंग आहे. निदान मी करणार नाही, चौकटी कशा मोजायच्या तेवढं दाखवीन. ताई आज अकोल्याहून आली आहे, तिकडं खांबाजवळ बसली आहे. यंत्राची जागा बाहेरून कशी दिसते हे ज्या भगिनींना पाहायचं असेल त्यांना ती दाखवते म्हणाली आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.